सूचना : इंग्रजी पत्रकातलं ‘आय.ई.’ आणि ‘ई.जी.’

सभासदहो, नमस्कार.

गेल्या पत्रकात ‘पत्त्याचा पुरावा, आय.ई. लाइट बिल’ असं छापून गेलं. एक आजी पासबुक घेऊन भर उन्हात आपल्या दादरच्या वाचनालयाचे दोन जिने चढून आल्या, फलक वाचला आणि तशाच परत गेल्या. पासबुक चाललं असतं! फार वाईट वाटलं.

आय.ई. म्हणजे लॅटिन ‘इद एस्ट’, आपलं ‘म्हणजेच’. त्यापुढे लिहाल तेवढंच धरलं जातं. आपल्याला हवं होतं ई.जी., म्हणजे ‘उदाहरणार्थ’. शंका आली की त्या जागी मराठी शब्द म्हणून पाहा, लगेच कळतं. ‘अँड एट सेटेरा’ही नको, ‘एट’ म्हणजेच ‘आणि’.

यापुढे इंग्रजी मसुदा छपाईआधी माझ्याकडे द्यावा.

– कार्यवाह