कॉस्प्लेचा अर्ज पहिल्या दिवसापासून भरायला घ्यावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरात कॉमिक कॉन (कॉमिक्स, चित्रपट आणि ॲनिमेशनच्या चाहत्यांचा मेळावा) भरली की दुसऱ्या दिवशीच्या अंकात रंगीत छायाचित्रे येतात आणि खाली ‘आवडत्या पात्राच्या वेशातील तरुणाई’ एवढीच ओळ असते. दिल्लीत 2011 साली पहिली कॉमिक कॉन भरली, त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून आपल्याकडे फोम कापणारी, विग विंचरणारी, रात्र रात्र शिलाई मारणारी एक पिढी तयार झाली आहे. पण कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून ते साकारण्याच्या, स्पर्धेचा अर्ज कसा भरतात हे तिला मराठीत सांगणारे फारसे कोणी नाही. म्हणून हे पत्र थोडे लांब आहे.

चांगला वेश बाद होतो तो बहुतेक वेळा अर्जातच. परीक्षकांसमोर कागद आधी जातो, माणूस नंतर. कागदावर जे दिसत नाही ते केलेच नाही, असेच धरले जाते. त्यामुळे अर्ज हे शेवटच्या रात्रीचे काम नव्हे. पहिला कागदी साचा कापला जातो त्या दिवशीच त्याची सुरुवात व्हायला हवी.

सर्वांत आधी संदर्भचित्रे. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये ‘मावळा’ किंवा ‘परी’ चालते. इथे मात्र ठरावीक कृतीतले ठरावीक पात्र, आणि त्याचाही कोणता वेश, हे दाखवावे लागते. समोरून, मागून, बाजूने आणि बारकाव्यांचे अशी किमान चार चित्रे लावावीत. पाठीचे चित्र कुठेच मिळत नसेल, तर पाठ आपण कशी कल्पिली हे एका ओळीत सरळ लिहावे. एखाद्या चाहत्याने काढलेल्या चित्रावरून वेश बेतला असेल, तर त्या चित्रकाराची परवानगी आणि नाव दोन्ही हवे. काही स्पर्धांत असे चित्र चालतच नाही. नागोयात 2003 साली सुरू झालेल्या वर्ल्ड कॉस्प्ले समिटसाठी तर पात्र जपानी कृतीतलेच असावे लागते आणि वेश स्पर्धकांनी स्वतः केलेला. म्हणून फोम आणायला जाण्याआधी नियमावली वाचावी. चुकीच्या गटात टाकलेले पात्र नंतर हलवून मिळेलच असे नाही.

आता काम चालू असतानाच्या फोटोंविषयी, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होते. प्रत्येक मोठ्या भागाचे चार टप्पे टिपावेत: साचा, कापलेले तुकडे, जोडणी, रंगाआधीची अवस्था. रंग चढल्यावर फोम, पुठ्ठा आणि थ्री-डी छपाईचे प्लास्टिक सारखेच दिसते. मग हातचे काम हातचे आहे हे सिद्ध करायला काही उरत नाही. शक्य तिथे फोटोत मोजपट्टी किंवा स्वतःचा हात येऊ द्यावा. हे फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवून तिथूनच पुन्हा उतरवले, तर चित्र दाबले जाते आणि फोटो काढल्याची तारीखही पुसली जाते. मूळ फाइल फोनमधून थेट काढावी, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

वर्णन लिहिताना ‘फोमचे चिलखत बनवले’ या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘धडाला प्लास्टिक फिल्म गुंडाळून वर चिकटपट्टी लावली, तिच्यावर शिवणीच्या रेषा आखून ती कापली आणि सपाट करून साचा काढला. छातीसाठी 10 मिमी आणि नक्षीसाठी 2 मिमी ईव्हीए फोम. जोडाच्या कडा 45 अंशांत तिरप्या कापल्या. कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून सुकू दिले आणि मग जोडले. फटी फोम क्लेने भरून घासल्या, हीट गनने पृष्ठभाग बंद केला, लवचिक प्रायमरचे तीन हात दिले.’ पाच-सहा वाक्येच आहेत, पण काम जाणणारा माणूस ती वाचून मान डोलावतो. (ईव्हीए हा हलका, लवचिक फोम; कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह हा दोन्ही बाजूंना लावायचा डिंक; फोम क्ले हा फटी भरायचा मऊ लगदा; प्रायमर हा रंगाखालचा थर.)

काय बिघडले आणि कसे सावरले, हेही लिहावे. रंगाला तडे जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फोम वाकतो आणि त्याच्यावरचा साधा प्रायमर वाकत नाही. हीट गन न फिरवता रंगवलेला फोम रंग पीत राहतो आणि डाग पडल्यासारखा दिसतो. सांधे उकलतात ते डिंक ओला असतानाच घाईने दाबल्यामुळे. तो दहा-पंधरा मिनिटे सुकून बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचा असतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याला याहून जास्त वेळ लागतो. अशी चूक आणि तिची दुरुस्ती कागदावर आली की कारागिराची समज दिसते. (फोम घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही. धुळीसाठी बारीक कण अडवणारा मास्क लागतो, डिंकाच्या वाफेसाठी कार्बन फिल्टरचा, आणि खिडकी उघडी हवी.)

विकत घेतलेले काही असेल तर ते लपवू नये. बूट, कॉन्टॅक्ट लेन्स, विग बहुतेकांनी घेतलेलेच असतात; विग घेतला पण कापून, चिकटवून त्याला आकार आपण दिला, असे वेगवेगळे लिहावे. थ्री-डी छपाई असेल तर फाइल कोणाची, छापली कोणी आणि घासून रंगवली कोणी, हे तीन प्रश्न येणारच. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडून अस्तर शिवून घेतले असेल तर तेही नोंदवावे. थोडे काम बाहेरून करून घेतल्याने गुण कमी होतील, पण ते लपवल्याचे उघड झाले तर अर्जच जातो.

पूर्ण वेशाच्या फोटोंसाठी साधी भिंत आणि सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा उजेड पुरतो. फोन कमरेच्या उंचीवर धरून अडीच-तीन मीटर मागे उभे राहावे. जवळून रुंद लेन्सने काढला तर डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. धूर, ठिणग्या, पार्श्वभूमीला जळते शहर अशी सजावट समाजमाध्यमांसाठी ठेवावी. परीक्षकाला शिवण पाहायची असते. फोटो दुसऱ्याने काढला असेल तर त्याला विचारून त्याचे नाव द्यावे. आणि पात्राच्या वर्णाशी जुळावे म्हणून स्वतःची त्वचा काळी किंवा गोरी रंगवू नये. पात्र कपड्यांतून आणि उभे राहण्यातून ओळखू येते.

सगळे मिळून आठ-दहा पानांची एक ए-फोर पीडीएफ पुरते. मराठीत लिहायचे तर युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा उघडतो. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी ठेवून दुसऱ्याच्या फोनवर तपासावी. कुलूपबंद लिंक पाठवली तर सगळी मेहनत परीक्षकापर्यंत पोचतच नाही. अर्जावरचे नाव ओळखपत्रावर आहे तेच असावे, टोपणनाव वेगळ्या रकान्यात. 18 वर्षांखालच्या स्पर्धकाने पालकांची सही घेऊन संमतिपत्र आधीच तयार ठेवावे.

प्रॉपच्या, म्हणजे हातात धरायच्या वस्तूच्या, रकान्यात लांबी, वजन आणि आतला गाभा लिहावा: ‘120 सेंमी, पीव्हीसी पाइपवर फोम, टोक बोथट’. खरे पाते आणण्याचा विचारही करू नये. शस्त्र कायदा 1959 खालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. दारावरची तपासणी तर त्याहून कडक असते. पंख किंवा शिंगे असतील तर पूर्ण उंची-रुंदी द्यावी आणि भाग सुटे होतात का तेही लिहावे. सभागृहाच्या दारातून जाण्याआधी ते लोकलच्या दारातून जायचे असतात.

रंगमंचासाठी ध्वनिफीत मागितली, तर दिलेल्या वेळेपेक्षा चार-पाच सेकंद आखूड करावी. चालत येऊन जागेवर उभे राहण्यातच तेवढे जातात.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. पुढच्या खेपेला छायाचित्राखाली पात्राचे नाव, मूळ कृती आणि वेश करणाऱ्याचे नाव, एवढ्या तीन गोष्टी छापाव्यात. छायाचित्रकाराने विचारले तर वेशधारी त्या तिथल्या तिथे आनंदाने सांगतो.

आपले,
कॉस्प्ले करणारे काही वाचक, पुणे