गाणं लपवणारे रसिक

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका छोट्या कॅफेत चार पोरांनी स्वतः बांधलेली गाणी म्हटली. गाणारा वडगावचा, बेस वाजवणारा बैलहोंगलचा, बाकीचे दोघे खानापूर रस्त्यावरच्या एकाच कॉलनीतले. ऐकायला आम्ही तीसेक माणसं होतो. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला मोबाईलवर रेकॉर्ड केलेला मागाचा आवाज होता. गाणाऱ्याच्या चुलत्याच्या घरी पॉवरलूम आहे, तिथला. त्या खटखटीतूनच हळूच गिटार सुरू झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वडगाव-शहापुरात लहानपणी ज्या आवाजानं झोप मोडायची आणि ज्या आवाजातच परत झोप लागायची, तोच हा आवाज.

मग शब्द आले : ‘येतो म्हणून गेलास, खरं आला न्हाईस.’

कार्यक्रम संपल्यावर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्या पोराकडे गेले. वीस-पंचवीस वर्षं परदेशी बँड ऐकलेला माणूस, घरी रेकॉर्ड प्लेअर आहे, आम्ही सगळे त्यांना जाणकार मानतो. ते म्हणाले, ‘चाल बरी आहे, शब्द गावंढळ आहेत. इंग्रजीत लिही, नाहीतर शुद्ध मराठीत तरी. आणि हे इंडी, म्हणजे स्वतंत्र संगीत, नव्हे.’ पोरगा ‘हो सर’ म्हणाला आणि तळहात नि कोपरात वायर गुंडाळत राहिला. ती वायर त्यानं गुंडाळून झाल्यावर परत सोडली आणि परत गुंडाळली. मी शेजारीच उभा होतो आणि काही बोललो नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता आपल्या पत्राद्वारे बोलतो.

आधी त्या ‘खरं’बद्दल. बेळगावच्या मराठीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘जातो म्हटला खरं गेला नाही’ हे आपण दिवसातून दहादा बोलतो. पुण्या-मुंबईचा माणूस हीच ओळ ऐकेल तर त्याला ‘खरोखर आला नाहीस’ असं ऐकू येईल. म्हणजे एकाच ओळीत तक्रारही आहे आणि शपथही. हे दुसऱ्या कुठल्या गावच्या पोराला सुचलंच नसतं. ज्या शब्दात सगळं गाणं उभं आहे, तोच शब्द काढ असं आपल्यातलाच जाणता माणूस सांगतो, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या गाण्यात शेवटची ओळ कानडीत होती. बैलहोंगलच्या पोराच्या आजीची. त्यावरही कुणीतरी म्हणालं, ‘एक काय ते ठरवा.’ आपल्या घरात, बाजारात, कारखान्यात दोन्ही भाषा एका वाक्यात येतात, मग गाण्यातच का ठरवायचं? गायक रघू दीक्षितनं २००८ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये शिशुनाळ शरीफांचं पद गिटारवर म्हटलं. शरीफ एकोणिसाव्या शतकातले, आपल्या उत्तर कर्नाटकातले संत. ते पद आमच्या मित्रमंडळातले मराठी घरचे कितीतरी जण अर्थ विचारून विचारून म्हणायला शिकले.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. सिनेमाचा किंवा मोठ्या कंपनीचा आधार न घेता स्वतःच लिहायचं, स्वतः वाजवायचं, स्वतःच्या खिशातून रेकॉर्ड करायचं. (माझ्या आईला इंडी म्हटलं की अजून विजापूरकडचा तालुकाच आठवतो.) एवढाच त्याचा अर्थ. त्यात कुठली भाषा, कुठलं वाद्य, किती उदास आवाज हे काही लिहिलेलं नाही. ते नंतर ऐकणाऱ्यांनी आपापल्या सोयीनं घातलं.

मी स्वतः यातून गेलो आहे. २००१ साली आरपीडी कॉलेजात असताना एका मित्रानं पुण्याहून इंडियन ओशन या बँडची ‘कंदिसा’ कॅसेट आणली. आम्ही नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून घेतली, मूळ कव्हरची झेरॉक्स काढून कापून लावली. ‘कंदिसा’ हे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचं अरमाइक भाषेतलं जुनं स्तोत्र. ‘मा रेवा’ हे नर्मदेचं लोकगीत. शब्द कळत नव्हते तरी रात्ररात्र ऐकलं. आणि ती कॅसेट आम्ही कुणाला द्यायचो नाही. मागितली तर ‘तुला झेपणार नाही’ म्हणायचो. पुढं २००७ मध्ये ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमा लागला आणि त्यातलं त्याच बँडचं ‘बंदे’ गोवावेसच्या रिक्षात वाजायला लागलं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं. ते गाणं मी दोन वर्षं ऐकलं नाही. २००९ च्या डिसेंबरात त्या बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती गेले, ती बातमी वाचली आणि मला त्या दोन वर्षांची लाज वाटली. एका माणसाचा आवाज रिक्षावाल्यापर्यंत पोचला म्हणून मी तो ऐकणं सोडलं होतं. पुढच्याच वर्षी त्या बँडनं ‘१६/३३० खजूर रोड’ या नव्या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. कुणीही घ्यावं, कुणीही ऐकावं. आणि आम्ही इथं झेरॉक्सचं कव्हर लावलेली कॅसेट कपाटात लपवत होतो.

आता कपाट राहिलं नाही, लपवायची सवय राहिली. चांगलं नवं गाणं सापडलं की नाव सांगायचं नाही, सांगितलं तर ‘मी त्यांना पहिल्यापासून ऐकतोय’ हे आधी सांगायचं. यात नुकसान ऐकणाऱ्याचं नाही, गाणाऱ्याचं आहे, आणि ते रुपया-पैशाचं आहे. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपनं २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याला मोबदल्याचा पैसाही मिळत नाही. मोठ्या गायकाला हजार म्हणजे काहीच नाही. वडगावच्या पोराला हजार म्हणजे डोंगर आहे. आपल्यातल्या शंभर रसिकांनी तेच गाणं महिन्यातून एकदा ऐकलं तरी वर्षाच्या आत हजार पार होतात. ते शंभर जण आपल्या गावात नक्की आहेत. फक्त ते एकमेकांना सांगत नाहीत.

नव्यातलं सगळं चांगलं असतं असं मी म्हणत नाही. बरंचसं एकसारखं आहे. हळू गिटार, कुजबुजता आवाज, खिडकी, पाऊस आणि कॉफी. या ॲपवर तीस सेकंद ऐकलं तरच ते एकदा ऐकलं असं धरतात. म्हणून सगळा माल पहिल्या तीस सेकंदांत आणून ओततात आणि पुढं गाण्याला जायला जागाच राहत नाही. हे मी त्या पोरांनाही सांगितलं असतं आणि त्यांनी ऐकलंही असतं. टीका करूच नये असं नाही, गाणं नीट ऐकून करावी. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. तिथं गेज (माप तपासायचं साधन) आत गेला की माल पास, नाही गेला की रिजेक्ट, दोन सेकंदांचं काम. गाण्याला असा गेज लावता येत नाही. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा ‘बीटा’ अल्बम २०२४ मध्ये आला. पहिल्यांदा मला तो सैल वाटला, दुसऱ्यांदा कंटाळवाणा. तिसऱ्यांदा रात्रपाळीहून येताना काँग्रेस रोडवर रिमझिम पावसात ऐकला आणि ती पितळी वाद्यं, तो झुलता आवाज एकदम कळला. आता तो माझ्या सगळ्यात आवडत्यांपैकी आहे. दोनदा ऐकून मत दिलं असतं तर मी चूक ठरलो असतो.

त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं. मराठी गाणं, नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीनं काढलेलं. आमच्या जाणकारांनी नाक मुरडलं, ‘हे नाचायचं, ऐकायचं नव्हे’. शब्दांत फार खोली आहे असं मीही म्हणणार नाही. पण ‘तांबडी चामडी’ हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून बघा, ते ताशावर काठी पडल्यासारखेच वाजतात. मराठीच्या अंगातला हा ठेका इतकी वर्षं कुणी असा वापरला नव्हता. आणि हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’. केरळचा, अमेरिकेत वाढलेला, बेंगळुरूत नाव कमावलेला मुलगा. इंग्रजी रॅप माझ्या कानाला अजून जड जातं. पण त्याचा व्हिडिओ बघितला आणि तो आपल्या जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये उभा दिसला. केरळात पोन्नानीला हे शूटिंग झालं. जे बघायला आम्ही लहानपणी फळ्यांच्या जिन्यानं चढून कठड्याला लोंबकळायचो, ते जगभर गेलं. त्यानं परदेशी काही उसनं आणलं नाही, जत्राच नेली.

नव्या गाण्याला असं नाक मुरडणं बेळगावला तरी शोभत नाही. कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ रोजी आपल्या सुळेभावीत जन्मले. सुळेभावी काय लांब नाही, सिटी बस जाते. लहानपणी ते ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं म्हणायचे. त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. मोबाईलवर गाणं ऐकणं म्हणजे गाणंच नव्हे असं म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी हे लक्षात घ्यावं. पुढं कुमारांनी घराण्याची चौकट सोडली, माळव्याच्या बायकांची लोकगीतं मैफिलीत आणली, तेव्हा ‘हे कुठलं घराणं?’ म्हणून विचारणारे होतेच. आज त्यांच्या नावाचं रंगमंदिर आपल्या शहरात आहे. ‘हे इंडी नव्हे’ आणि ‘हे घराण्यातलं नव्हे’ यांत मला काही फरक दिसत नाही.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत नवीन सिनेमांना, पुस्तकांना जागा असते. आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा नव्या गाण्यांना द्यावी अशी विनंती आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पोरांनी केलेली गाणी, मराठी असोत, कानडी, कोकणी किंवा मिसळीची. तारे देऊ नका, गुण देऊ नका. नाव, गाव आणि कुठं ऐकता येईल एवढंच छापा. लिहायला माणूस नसेल तर मी रविवारी कामावरून सुटल्यावर कार्यालयात आणून देईन.

त्या पोराला मी परवा फोन केला. गाणं महिन्यापूर्वीच ॲपवर चढवलंय, अजून हजाराच्या बरंच खाली आहे. शब्द बदलायचा विचार करायलास का, असं विचारलं. ‘करायलोय खरं मन होईना,’ म्हणाला. मी त्याला सांगितलं, बदलू नको. आणि माझ्या पाळीतल्या अकरा जणांच्या मोबाईलवर ते गाणं मी स्वतः लावून दिलं आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
वडगाव, बेळगाव