गेफील्डच्या कठड्यापाशी

आर्ब्रोथ, स्कॉटलंड
दि. 15 जून 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आई, गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलेस की, "त्या तुझ्या संघातली सगळी ओळखीची पोरे सोडून गेली म्हणतेस, मग आता तू तिथे जातेस तरी कोणासाठी?" तेव्हा मी हसून विषय बदलला खरा, पण आठवडाभर तुझा प्रश्न माझ्याबरोबर डंडीच्या रेल्वेगाडीतून जात-येत होता. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत, मध्येच कुकरची शिट्टी होते किंवा दारात कोणीतरी येते, म्हणून सवडीने लिहीत आहे. बाबांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव; त्यातला निम्मा मजकूर त्यांना आधीच ठाऊक असेल.

इथे मे महिना आला की लहान फुटबॉल क्लबांमध्ये खेळाडूंच्या याद्या निघतात. कोणाचा करार वाढवला, कोणाला मोकळे केले, कोणाशी अजून बोलणी चालू आहेत, अशी तीन वाक्यांची सूचना असते आणि तिच्यात दहा-दहा वर्षांचा सहवास संपतो. प्रीमियरशिपमधल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, मोठ्या क्लबांचे करार कित्येक वर्षांचे असतात. खालच्या श्रेणींत बहुतेकांचा करार वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा. त्यात मोठ्या क्लबांकडून उसनवारीवर आलेली वीस-एकवीस वर्षांची पोरे असतात, ज्यांचे नाव आपल्या जिभेवर जरा रुळते न रुळते तोच जानेवारी येतो आणि त्यांना परत बोलावणे येते. अशा पोरांना जीव लावू नये असे मी दर वर्षी ठरवते आणि सप्टेंबरपर्यंत ते विसरूनही जाते.

बाबा, तुम्हाला यात नवे काय वाटणार? आपल्या कोल्हापुरात हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की शिवाजी पेठेत जी कुजबुज चालायची, तीच ही. कोण पाटाकडील तालमीच्या संघाकडे चालला, कोण दिलबहारकडे, कोणाला किती मिळाले, यावर 'अर्धा शिवाजी' पुतळ्यापाशी रात्री अकरापर्यंत चर्चा होत आणि तुम्ही घरी येऊन आईची बोलणी खात असा. शाहू स्टेडियमवर मुलीला कशाला नेता, म्हणून आत्याने तुम्हाला एकदा चांगलेच सुनावले होते, तेही मला आठवते. तुम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या सामन्याला मला पुन्हा घेऊन गेलात.

एक प्रसंग मात्र मी आजवर कोणाला सांगितला नाही, कारण तुम्हीच तशी ताकीद दिली होती. आपल्या बोळातला तो डावखुरा मुलगा, जो आपल्या अंगणातल्या नळावर पाय धुवायला यायचा, त्या वर्षी दुसऱ्या तालमीकडून खेळत होता आणि त्याने आपल्याच शिवाजी तरुण मंडळावर गोल केला. आपल्या बाजूच्या सगळ्या पायऱ्या त्याच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहत होत्या. तुम्ही मला मांडीवर घेऊन बसला होता आणि अंगावर शाल होती. त्या शालीच्या आत तुम्ही दोन वेळा टाळी वाजवलीत, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल इतकी, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "पेठेत बोलायचं नाही हं." मी तेव्हा सात वर्षांची असेन. फुटबॉलमधले मला काही कळत नव्हते, पण आपल्याकडून गेलेला मुलगासुद्धा आपलाच असतो, एवढे मला त्या शालीत कळले.

आता गेफील्डविषयी, म्हणजे आमच्या आर्ब्रोथ क्लबाच्या मैदानाविषयी. मैदान समुद्राला इतके चिकटून आहे की भरतीच्या वेळी वादळ उठले तर लाटा भिंतीवरून आत येतात आणि पलीकडच्या बाजूला उभे राहिलेल्यांचे कपडे ओले होतात. 1880 सालापासून क्लब इथे खेळतो आहे. वारा उत्तर समुद्रावरून येतो. गोलरक्षकाने जोर लावून मारलेला चेंडू हवेत थांबतो, विचार करतो आणि पुष्कळदा त्याच्याच दिशेने परत वळतो. पाहुण्या संघांचे अर्धे त्राण या वाऱ्याशी झगडण्यातच जाते आणि आम्ही त्यांना मुळीच सहानुभूती दाखवत नाही. आमच्या संघाला 'रेड लिक्टीज' म्हणतात. रात्री परतणाऱ्या मासेमारी नौकांना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून हे नाव पडले. आई, तुझ्या मालवणच्या माहेरी असे नाव सहज शोभले असते.

गावाची वस्ती जेमतेम चोवीस हजार. तरीही या क्लबाच्या नावावर असलेला एक विक्रम ब्रिटनमध्ये अजून कोणाला मोडता आलेला नाही. 12 सप्टेंबर 1885 रोजी स्कॉटिश चषकाच्या सामन्यात आर्ब्रोथने अबर्डीनच्या बॉन अकॉर्ड संघाला 36-0 असे हरवले आणि जॉकी पेट्री नावाच्या तरुणाने एकट्याने तेरा गोल केले. आमच्या गोलरक्षकाला दिवसभर काहीच काम नव्हते, म्हणून तो पावसात एका प्रेक्षकाची छत्री घेऊन उभा राहिला, असे सांगतात. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, त्याच दिवशी जवळच्या डंडीत डंडी हार्प संघाने दुसरा सामना 35-0 असा जिंकला; म्हणजे पस्तीस गोल करूनही बिचारे दुसरे आले. मी ज्यांच्या शेजारी उभी राहते ते आजोबा ही हकीकत दर नवख्या माणसाला अशा थाटात सांगतात, जणू छत्री त्यांचीच होती.

मी 2018 च्या शरदात इथे राहायला आले, तेव्हा मला या गावात दोनच गोष्टी ठाऊक होत्या: कामावर जायची गाडी किती वाजता सुटते आणि दूध कुठे मिळते. एका शनिवारी दुपारी रस्त्यावरची सगळी माणसे एकाच दिशेने चाललेली दिसली आणि पेठेत वाढलेल्या मुलीचे पाय आपोआप त्यांच्यामागे वळले. त्या वर्षी आम्ही लीग वन जिंकली, म्हणजे वरून तिसरी श्रेणी. मला वाटले, असे दर वर्षीच होत असेल!

त्या संघाचे व्यवस्थापक डिक कॅम्पबेल होते. डोक्यावर चपटी टोपी, आवाज खणखणीत, आणि मदतीला त्यांचे जुळे भाऊ इयन. 2016 मध्ये ते आले तेव्हा क्लब चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत होता. आमचे खेळाडू पोटासाठी दुसरी नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येतात, हे मी तुम्हाला पूर्वी सांगितले होते तेव्हा बाबा लगेच म्हणाले होते, "म्हणजे आपल्यासारखंच की." बॉबी लिन हा आमचा सर्वांचा लाडका आघाडीपटू पहाटे कचरागाडीवर कामाला जाई आणि शनिवारी दुपारी बचावपटूंना नाचवी. वयाची तिशी उलटल्यावर, 2018-19 मध्ये, तो त्या श्रेणीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग आला 2021-22 चा हंगाम. पूर्णवेळ खेळाडू बाळगणाऱ्या क्लबांच्या दुसऱ्या श्रेणीत आमचे अर्धवेळ खेळाडू महिनोन् महिने अव्वल स्थानी होते. मधल्या फळीतला मायकल मॅकेना तर आघाडीपटूंनाही मागे टाकून गोल करत होता. 1975 नंतर आर्ब्रोथ पुन्हा पहिल्या श्रेणीत जाणार, असे गावातले न्हावी, बेकरीवाले, गाडीतले तिकीट तपासनीस, सगळेच बोलू लागले. 22 एप्रिलच्या शुक्रवारी किल्मारनॉकला सामना होता. मी अर्धी रजा टाकून समर्थकांच्या बसने गेले. आघाडी आमची होती. उत्तरार्धात त्यांनी बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस ब्लेअर ॲल्स्टनने गोल करून सामना 2-1 असा खिशात घातला, आणि त्याबरोबर अजिंक्यपदही. परतीच्या बसमध्ये तीन तास कोणी बोलले नाही. वर जाण्याची आणखी एक संधी प्ले-ऑफ लढतींत होती, पण पुढे मे महिन्यात इनव्हर्नेसविरुद्धच्या त्या दोन्ही लढती 0-0 राहिल्या. दुसरी गेफील्डवर झाली आणि त्यांचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले असूनही आम्ही पेनल्टीवर हरलो. नऊ जणांशी हरलो, बाबा! त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही एवढेच विचारले होते की, "जेवलीस का?"

त्यानंतरचे थोडक्यात सांगते, कारण ते मला फारसे आठवावेसे वाटत नाही. संघ विस्कटत गेला, नोव्हेंबर 2023 मध्ये कॅम्पबेल गेले आणि 2024 च्या वसंतात आम्ही तळाशी राहून खाली घसरलो. त्या हिवाळ्यात मी मैदानावर जे पाहिले त्याला फुटबॉल म्हणणे धाडसाचे ठरेल. बॉबी लिनही तोवर संघात नव्हता. हातातल्या सामन्याच्या पत्रिकेवरची अर्धी नावे मला वाचूनच कळत. आई, तुझा प्रश्न तेव्हा मीही स्वतःला विचारला होता. जानेवारीतल्या एका शनिवारी तर घरीच बसले, मुगाची खिचडी केली आणि खिडकी उघडी टाकून ताटावर बसले. आमच्या घरापासून मैदान दहा मिनिटांवर आहे. वारा तिकडून असला की आवाज ऐकू येतो. मधूनच लोकांचा एक लांबलचक सुस्कारा आला, हुकलेल्या गोलचा. कोणी हुकवला हे कळेना, आणि ते कळेना याचाच मला इतका त्रास झाला की पुढच्या शनिवारी मी पुन्हा कठड्यापाशी होते. आजोबांनी काही विचारले नाही. थोडे सरकून जागा दिली आणि थर्मासमधला चहा पुढे केला.

त्याच कठड्यापाशी आणखी एक गोष्ट घडली, ती खास बाबांसाठी. आमच्याकडून काही वर्षे खेळलेला एक बचावपटू पाहुण्यांच्या जर्सीत आला होता. सामना सुरू असताना आमच्या लोकांनी त्याला यथेच्छ हिणवले, आजोबांनी तर सर्वांत जास्त. शेवटची शिट्टी झाल्यावर तो आमच्या बाजूने बाहेर जात होता, तेव्हा आजोबांनी हातमोजे काढले आणि टाळ्या वाजवल्या. हातमोजे घालून टाळीचा आवाज होत नाही, म्हणून काढले. मला तुमची शाल आठवली. मी मराठीतून काहीतरी पुटपुटले असावे, कारण ते वळून म्हणाले, "काय झाले, पोरी?" मी त्यांना आपल्या बोळातल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. पेठेबाहेर सांगितली, तेव्हा तुमची ताकीद मी मोडली असे मला वाटत नाही.

यंदाचे तर तुम्हाला ठाऊकच आहे. डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन हे 2022 च्या त्या संघातले दोघे, त्यांच्यावरच क्लबाने संघ सोपवला आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात लीग वन जिंकून दिली. म्हणजे ऑगस्टपासून आम्ही पुन्हा दुसऱ्या श्रेणीत. पुन्हा काही जण गेले, काही नवे येतील, आणि मी त्यांना जीव लावणार नाही असे पुन्हा ठरवले आहे. तेव्हा आई, मी कोणा एकासाठी जात नाही. तिथे कठड्याची एक हातभर जागा माझी आहे आणि मी आले नाही तर कोणाच्या तरी ते लक्षात येते. या परक्या मुलखात असे म्हणण्याजोगी माझी ती एकच जागा आहे.

आणि तू ज्याची काळजी करतेस त्या खाण्याविषयी: मैदानावर मटणाचा खिमा भरलेला 'पाय' नावाचा गोल, भाजलेला पदार्थ मिळतो. पांढऱ्या रश्श्याची सर त्याला नाही, पण गोठलेल्या हातांना बरा वाटतो. सामना नसला की मी बंदरावर 'स्मोकी' आणायला जाते. हॅडॉक मासे मीठ लावून, शेपटीकडून जोडी जोडीने सुतळीने बांधतात, काठीवर टांगतात आणि खाली लाकडाचा जाळ करून वरून ओली पोती घालतात. साल सोललीस की आतला मासा पिवळसर आणि ओलसर असतो. तुला तो आवडेल. फक्त त्यावर तिखट नाही म्हणून कुरकुरशील.

आता एक तक्रार. आई म्हणते की बाबा शनिवारी रात्री निकाल कळेपर्यंत झोपत नाहीत. उन्हाळ्यात इथले दुपारचे तीन म्हणजे तुमचे साडेसात, ते ठीक आहे. पण ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे मागे गेली की तिथे साडेआठ वाजतात आणि सामना संपेपर्यंत साडेदहा होतात. डॉक्टरांनी दहाला झोपायला सांगितले आहे. बाबा, निकाल सकाळी चहाबरोबर वाचला तरी तोच राहतो. नाहीतर असे करा, दोघेही ऑगस्टच्या अखेरीस इकडे या. व्हिसाचे कागद मी तयार करायला घेतले आहेत. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो शेजारच्या दादांकडून काढून पाठवा. ज्येष्ठांना तिकीट कमी दरात मिळते. आजोबांना मी सांगून ठेवले आहे. ते म्हणाले की तिघे सरकले तर दोघांची जागा होईल. येताना बाबांची ती शाल मात्र आठवणीने आणा, समुद्रावरचा वारा ऑगस्टमध्येही बोचतो.

आत्याला आणि शेजारी सर्वांना नमस्कार सांगावा.

तुमची,
मनू