नावं घेत नाही, पण आभार मानायचेत

ऐन मार्च एंडिंगला वडिलांना नांदेडला अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हा ऑफिसात बाजूच्या टेबलवाल्या मॅडमनी न विचारता माझ्या व्हाउचरचा गठ्ठा स्वतःकडं ओढून घेतला अन म्हणल्या, "तुम्ही निघा सर, मी बघते." थँक्यू म्हणलं की चिडतात, म्हणून इथं लिहायलोय.

परभणीचा दोस्त तर काय सांगावं, गाडी पूर्णेला रखडली तरी रात्री डब्बा घेऊन हजर. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी, अन पिशवीत खाली पेपरात गुंडाळलेलं नरहर कुरुंदकरांचं लेखांचं पुस्तक! कुरुंदकर इथल्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, १९८२ ला गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. समोरच्याची बाजू आधी नीट मांडायची अन मगच खोडायची ही त्यांची रीत मला लई आवडते, आमच्या ऑफिसच्या मीटिंगात कुणालाच जमत नाही (मला तर नाहीच). सलाईन संपेपर्यंत तेच वाचत बसायचो, झोप तशीही येत नव्हती.

पुस्तक निघालं वाचनालयाचं, दोस्ताच्या कार्डावरचं. मुदत कधीच टळून गेलेली. तिथल्या काकांनी दंड लावला नाही, रजिस्टरात पेन्सिलीनं 'घरी आजारपण' एवढंच लिहिलं. मला ना ओळखतात ना पाळखतात.

वडील आता घरी आहेत, गच्चीवर फिरायलेत.

अन दोस्ता, डब्बा धुऊन ठेवलाय, पण मोकळा कसा पाठवू? आई म्हणते धपाटे होऊ दे आधी.