उदगीरच्या पॉलिशवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमची शाळा उर्दूतली, तेव्हा हे पत्र नातीकडून वाचून घ्या. बास गिटार काल पूर्ण झालं. तारा चढवून सुरात लावल्यावर पहिल्यांदा तुमचीच आठवण आली. फोन केला होता, पण गळा भरून आला आणि भलतंच काहीतरी बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांना दिसेल असं लिहितोय.

तुमच्याकडं यायच्या आधी त्या लाकडानं लई बोलणी खाल्ली. बांधावरचा गावरान आंबा अवकाळीत आडवा झाला, त्याचा बेचक्याचा ओंडका मी ठेवून घेतला होता. आरागिरणीवाला म्हणाला, सरपण आहे, चुलीत घाला. आंब्याच्या लाकडाच्या पेट्या होतात नाहीतर सेंट्रिंगच्या फळ्या, त्यापुढं त्याची लायकी नाही, हे आपल्याकडं पक्कं ठरलेलं. हवाई बेटांवर आंब्याच्या लाकडाची युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, करतात म्हटल्यावर तो हसत सुटला. बेचक्यात खोड आणि फांदी एकमेकांत घुसतात, रेषा सरळ राहत नाहीत, त्यातूनच त्या लाटा उठतात. आणि त्याच लाटांवर रंधा अडकतो, ढलप्या निघतात. कुणाला हवी ती कटकट?

बासचं खालचं अंग जुन्या चौकटीच्या सागवानाचं. वर आंब्याची एकच फळी मधून चिरून पुस्तकासारखी उघडून बसवली, म्हणजे डावीकडची लाट उजवीकडं आरशातल्यासारखी उमटते. एवढं होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग लातुरातल्या एका मोठ्या फर्निचरवाल्याकडं पॉलिशला दिलं. ॲडव्हान्स घेताना साहेब, साहेब. ऐन जुलैत, बाहेर झड लागलेली असताना, त्यांनी लॅकरचा स्प्रे मारला. हवेतली ओल त्यात अडकली आणि सगळा दर्शनी भाग दुधाळ पडला. वर कडेला मशीन इतकी घासली की सहा मिलिमीटरची फळी तिथं कागदावर आली. विचारलं तर उत्तर काय, 'आंबा आहे साहेब, आंब्याला एवढंच येतं.' पैसे परत मागितल्यावर मालक जेवायला गेले ते गेलेच.

तुम्ही मात्र ते हातात घेऊन आधी उजेडात तिरपं धरलंत. म्हणालात, 'अभी नहीं. दसरा होऊ द्या, हवा सुकू द्या.' दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी त्या सीझनमध्ये पहिल्यांदा बघितला.

दसऱ्यानंतर तुम्ही काय काय केलंत ते सगळं इथं सांगत बसत नाही. चपडी म्हणजे पॉलिशची लाख, स्पिरिट, मलमलच्या चिंधीतला कापसाचा बोळा, हे जाणकारांना माहीत आहे. मला सांगायच्यात त्या दोन पुड्या.

दुधाळ थर तुम्ही काचेच्या तुकड्यानं खरवडून काढलात, मशीनला हात लावला नाहीत. मग हातानं पॉलिश पेपर मारताना खाली वर्तमानपत्र अंथरलंत आणि पडलेली बुकणी झटकून टाकली नाहीत. फिक्या पट्ट्यांवरची एका कागदात, गडद पट्ट्यांवरची दुसऱ्या कागदात. भुंग्यानं पाडलेली बारीक भोकं चपडीत कालवलेल्या त्याच बुकणीनं भरलीत, फिक्यात फिकी, गडदमध्ये गडद. आता ती भोकं कुठं होती ते मलाच सापडत नाही. निघताना उरलेल्या बुकणीच्या दोन पुड्या दोरा गुंडाळून माझ्या खिशात घातल्यात. वर पेन्सिलनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणालात, 'ये फीका, ये गहरा. पुढंमागं कुठं टोचलं तर लागंल.'

ज्या लाकडाला सगळ्यांनी सरपण म्हटलं, त्याचा भुसासुद्धा तुम्ही वेगवेगळा करून जपलात. बसस्टँडवर त्या पुड्या काढून बघितल्या आणि मला रडू आलं, हे आज सांगतो.

मोठ्या काचेच्या दुकानात आपण दबून बोलतो, आणि तुमच्यासारख्यांच्या दारावर साधी पाटी नसते. उदगीरला, नांदेडला, परभणीला अशी माणसं गल्लीबोळात काम करत बसलेली आहेत. ती गिऱ्हाइकाला 'हे कशाला केलंत' असं विचारत नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत, 'गिटारीला सहा तारा असतात, याच्या दोन कुठं गेल्या?' मी सांगितलं, बासला चारच. मग मान इतकी लांब का, म्हणालात. तर १९५१ साली अमेरिकेतल्या गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडर यांनी जो 'प्रिसिजन बास' नावाचा बास काढला, त्याच्या तारेची लांबी ३४ इंच होती, आणि आजही बहुतेकजण तीच धरतात, मीही धरली. सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ४१ कंपनं. तो कानाआधी छातीला कळतो, हे तुम्हाला तेव्हा दाखवता आलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुट्टीत येतोय, सोबत ॲम्प आणतो. तुमच्या गल्लीत लाइट कधी असते तेवढं नातीकडून कळवा. आणि 'पोराचं काम' म्हणून जी अर्धी मजुरी सोडलीत ती या वेळी घ्यायची, नाही म्हणायचं नाही. चाचीजानला सलाम सांगा.

तुमचा,
आंबेवाला बास