बुधवारच्या प्रार्थनासभेविषयी सूचना

मंडळीच्या सर्व सभासदांना प्रभू येशूच्या नावात सलाम. येत्या बुधवारच्या सभेत लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातील अम्माऊस गावाच्या वाटेचा भाग वाचला जाईल. पुनरुत्थानानंतर सोबत चालणारा प्रभू त्या गावी निघालेल्या दोघा शिष्यांना वाटभर ओळखता आला नाही, जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली तेव्हा कोठे ओळख पटली, हे ध्यानात ठेवून यंत्रमागावर, चुलीपाशी किंवा नळाला पाणी येण्याच्या दिवशीच्या धावपळीत आपल्याला देवाचे सान्निध्य कोठे जाणवले, असा एकच प्रसंग प्रत्येकाने सांगावा. चमत्कारच हवा असे नाही. शेजारणीने स्वतःची घागर बाजूला सारून आजारी बाईची आधी भरू दिली, एवढेही पुरे. ज्यांना काहीच जाणवले नाही त्यांनीही यावे व तसे मोकळेपणाने सांगावे. साक्ष मात्र थोडक्यात आटोपावी (लांबलेल्या साक्षींचा अनुभव सर्वांना आहेच) आणि पवित्र शास्त्र सोबत आणावे.