चर्चमध्ये बायबल शिकवणाऱ्या शब्बाथशाळेच्या बाईंना, सप्रेम सलाम

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण मी ज्या कोंडीत होते त्या कोंडीतल्या बहिणी आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ आहेत. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला त्या आठवड्यात मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले, तेव्हाची माझी दशा तुम्ही पाहिलीत. वडिलांच्या जमिनीला वारसांची नावं लावायची आहेत, असं सांगून धाकट्या भावानं मला रजिस्टर ऑफिसात नेलं. त्यानं बोट ठेवलं तिथे मी सही केली. कागद हक्कसोडपत्राचा होता. पुढे सातबारा काढला, तर त्यावर माझं नाव नव्हतं. ज्याला कडेवर घेऊन मी शाळेत सोडायला जायचे, त्यानं हे केलं. जमीन गेल्याचं दुःख त्यापुढे फार लहान होतं.

त्याहून जास्त लागलं ते नातेवाइकांचं बोलणं. ‘देवानं नेमलं होतं तसं झालं, आता क्षमा कर आणि विषय मिटव.’ देवाचं नाव पुढे केल्यावर मी काय बोलणार? म्हणून तुम्हाला रागानंच विचारलं होतं, सगळं आधीच नेमलेलं असेल तर येशूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या त्याच्या शिष्याचा, यहूदा इस्कर्योताचा तरी काय दोष?

तुम्ही मला गप्प केलं नाहीत. लूकचा 22वा अध्याय उघडलात आणि 22वं वचन मला मोठ्यानं वाचायला लावलंत. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, ठरल्याप्रमाणे जातो खरा, पण त्याला धरून देणाऱ्याची केवढी दुर्दशा! तुम्ही म्हणालात, “या ‘पण’वर थांब.” लहानपणापासून उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ही वचनं ऐकत आले, पण त्या ‘पण’पाशी कधी थांबले नव्हते. देवाची योजना आणि माणसाचा अपराध एकाच वाक्यात आहेत, आणि एकानं दुसरा पुसला जात नाही. ऑगस्टीनपासून कॅल्विनपर्यंत मोठमोठ्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी यावर ग्रंथ लिहिले, हेही तुम्ही सांगितलंत. ते सगळं मला कळलं असं म्हणणार नाही. माझ्या भावानं केलं ते पाप होतं, आणि त्याला पाप म्हणण्यात देवाचा अपमान नाही, एवढं मात्र त्या संध्याकाळी कळलं. किती महिन्यांनी मी मोकळा श्वास घेतला!

मग तुम्ही मागे, बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत गेलात, योसेफाकडे. ही गोष्ट मी पोरांना चित्रं दाखवून शिकवली आहे, आणि तरी मला ती माहीत नव्हती. 17 वर्षांचा योसेफ भावांकडूनच 20 रुप्याच्या नाण्यांना विकला गेला. विकायचं सुचवणाऱ्या भावाचं नावही यहूदाच. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा योसेफ 30 वर्षांचा होता. त्यानंतर सुकाळाची 7 वर्षं, दुष्काळाची 2. तुम्ही माझ्याकडून बोटांवर हिशेब करून घेतलात. त्यानं भावांना ओळख दिली ती 22 वर्षांनी. तीही लगेच नाही. आधी आपला प्याला धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या गोणीत ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणला आणि हे भाऊ या पोरालाही सोडून जातात का, ते पाहिलं. तेव्हा तोच यहूदा पुढे आला आणि म्हणाला, मुलाच्या बदली मला गुलाम करून ठेवा. त्यानंतरच योसेफाला रडू आवरलं नाही.

आणि शेवटी तो काय म्हणतो? तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं. बाई, पहिला अर्धा भाग त्यानं गाळला नाही, हे तुम्ही दाखवलंत. आणखी एक म्हणालात, ते मी माझ्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं आहे: ‘देवानं चांगल्यासाठी योजलं’ हे वाक्य योसेफाच्या तोंडचं आहे, भावांच्या तोंडचं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं ते म्हणायचं, तेही त्याच्या वेळेनं. बाकीच्यांनी त्याच्या तोंडात घालायचं नाही.

ग्रीक शब्दाचंही तुम्ही सांगितलं होतं. आपल्या मराठी शास्त्रात यहूदा येशूला ‘धरून देतो’ आणि रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात देव आपल्या पुत्राला आपल्यासाठी ‘देतो’. मुळात दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, पारादिदोमी. एकाच देण्यात एकाचा लोभ आणि एकाची प्रीती. हे मी अजून मनात घोळवते आहे.

पण आज लिहायला बसले ते मत्तयाच्या 27व्या अध्यायामुळे. यहूदा येशूला धरून देण्याबद्दल मिळालेली ती 30 नाणी घेऊन परत मंदिरात गेला, मी पाप केलं असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला, आणि याजक त्याला म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहून घे. हे वाचताना तुमचा आवाज बदलला होता. दुसरा शिष्य पेत्र, त्यानंही येशूला तीनदा नाकारलं, पण त्याला समुद्रकाठी कोळशाच्या विस्तवापाशी तीनदा प्रेमानं विचारणारा येशू भेटला. यहूदा कबुली घेऊन ज्या दारात गेला ते दार बंद होतं.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भावाचा फोन आला. “ताई, माझं चुकलं,” म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. माझ्या जिभेवर शब्द तयार होते: तुझं तू पाहून घे. अगदी तेच शब्द. ते कुणाचे आहेत हे मला तुमच्यामुळे ठाऊक होतं, म्हणून मी ते गिळले. “ये,” म्हटलं. “कागद घेऊन ये, वकिलाकडे दोघं जाऊ, आणि जेवायलाच ये.”

तो आला. कागदांचं काम अजून चालू आहे. सगळा राग गेला असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, पण त्याला वाढताना हात थरथरला नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर तो पुन्हा येतो आहे. बाई, तुम्हीही या. तुमचं पथ्य मला माहीत आहे, भाजी कमी तिखटाचीच करीन.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी